बर्फासाठी राखलेले दिवस

शुक्र. ९ मार्च १९८४, उम्म अल हस्सम, बहारीन
लीव्ह पास. माझी आणि हसनची, दोघांची एकाच वेळी. काल मॅनेजरने सही केली आणि मी तो कागद दोनदा वाचला. मे महिन्यात कुलूच्या वरची खिंड! कॉलेजात सह्याद्री पालथा घालताना ठरवलेलं, आता पोट सुटल्यावर जमतंय. हसन रत्नागिरीचा, मी वसईचा. बर्फ दोघांनी पाहिलाय तो फ्रीजमधला.
बायको, फिलोमिना, पत्राऐवजी बोलून पाठवते त्या मागच्या कॅसेटवर "जा" म्हणाली. कुठल्या सुरात, ते कळलं नाही.

बुध. १४ मार्च
ऑफिसातला इंजिनिअर कॉलिन आल्प्समध्ये हिंडलेला. आज आमच्या किचनमध्ये क्लास घेतला. पोळपाटावर खाली रवा, वर मैदा दाबून बसवला आणि पोळपाट हळूहळू तिरपा करत गेला. काही नाही, काही नाही... मग अख्खा थर सुटून हसनच्या मांडीवर. रवा मैद्याला धरून ठेवत नाही. डोंगरावरच्या बर्फातही आत असाच कच्चा थर असतो, वरून सगळं छान दिसतं. झोप कसली येतेय आज.
हसन: "रवा फुकट नको घालवू, शिरा करतो." मैद्यासकट केला. खाल्ला.

शुक्र. २३ मार्च
सखीरच्या पलीकडे वाळूच्या ढिगाऱ्यांवर प्रॅक्टिस. उतार एकेकट्याने ओलांडायचा, बाकीच्यांनी नजर ठेवायची. सॅकचा कमरपट्टा सोडलेला, बर्फ घसरला तर सॅक झटकन टाकता यावी म्हणून. मागे लाल दोरी लोंबती, म्हणजे गाडलं गेलो तर निदान टोक दिसेल. मग बॅग पुरून अँटेनाच्या पाइपने शोधणं. मी शोधली, पण पाइप हसनच्या डब्यात घुसला. तेवढ्यात पिकअपमधून एक म्हातारे अरब उतरले, काय हरवलंय विचारायला. हसन: "मफी, मफी," म्हणजे काही नाही. तेही थोडा वेळ पाइप खुपसत बसले.
इतका हसलो नव्हतो कित्येक दिवसांत.

मंगळ. ३ एप्रिल
कॉलिनने प्लॅन पाहिला आणि विचारलं, "बर्फ पडला तर? नवा बर्फ बसेपर्यंत खाली थांबायचं. ते दिवस कुठे आहेत?"
नाहीत. अर्धी लीव्ह इथल्या लोकांची पार्सलं वसईत घरोघरी वाटण्यात जाणार. याचा टेपरेकॉर्डर पापडीला, त्याचं साबण-अत्तर नंदाखालला, प्रत्येक घरी चहा. नाही म्हणता येत नाही, आमचीही लोकांनी नेलीत. उरले ते डोंगराचे आणि घरचे.
हसन: "पडला तर बघू. डेटला ड्युटीवर नको का हजर व्हायला?" कॉलिन भडकला. म्हणाला, "असेच मरतात लोक. परतीचं तिकीट खिशात असतं म्हणून नको त्या दिवशी चढतात." थांबायचे दिवस नसतील तर तो दोर आणि बर्फात रोवायच्या कुऱ्हाडी देणार नाही.
म्हणजे फिलोमिनाच्या वाट्यातून काढायचे. गेल्या खेपेला आमच्या पोरीने, शॅरनने, आल्या आल्या मला अंकल म्हटलं होतं.

शुक्र. ६ एप्रिल
कॅसेट भरली. सरळ सांगितलं, एक तर डोंगर रद्द, नाहीतर तुझे दिवस कापतो, तू म्हणशील तसं. पुन्हा ऐकायचा धीर झाला नाही. पापडीचा एकजण आज निघाला, मुहर्रकला एअरपोर्टवर जाऊन त्याच्या हातात दिली.

गुरु. १९ एप्रिल
उत्तर आलं. मागे कोंबड्यांचा कलकलाट आणि फिलोमिना: "दिवसबिवस कापू नको. मी नि शॅरन येतो तुझ्यासंगती, त्या खालच्या गावापर्यंत. बर्फ पडला तर तू आमच्यापाशी थांबशील. पार्सलं माझा भाऊ वाटेल. आम्ही तरी बर्फ कुठे बघितलाय?"
तीनदा ऐकलं. हसनने मला उचलून गरागरा फिरवलं. कॉलिन दोर देतोय. डोकं ठिकाणावर नाही माझं.

शनि. २१ एप्रिल
हसन नमाज पढून आला. म्हणाला, "आभाळ साफ राहू दे, एवढंच मागितलं." मी इंशाल्ला म्हटलं.
मी काल चर्चमध्ये उलटं मागितलं. चांगला दोन-चार दिवस बर्फ पडू दे. म्हणजे त्या खालच्या गावात शॅरन माझ्या शेजारी बसलेली असेल, बाहेर जायची सोयच नाही.
कॉलिन म्हणतो, उतार बघताना मनात कसलीच इच्छा नको, हट्ट डोळ्यांवर बसतो. तो हसनकडे बघून म्हणाला. बर्फ थांबेल, हसन दोर खांद्यावर टाकून विचारेल, चढायचं का? तेव्हा मी "धोका आहे" म्हणालो, तर ते उताराकडे बघून म्हणेन की शॅरनकडे...
मी काय मागितलं ते हसनला अजून सांगितलेलं नाही.