सात हातांवरचा तबला

खामगाव,
१३ नोव्हेंबर १९६६

प्रिय किसन,

एप्रिलनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, क्षमा कर. सहामाही परीक्षा, आईचे गुडघे, माझा खोकला अशी कारणं देऊन तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. कारणं खरी होती, पत्रं खोटी होती. मेहकरला वहिनी आणि मुली बऱ्या असतील. कचेरीतलं तुझं टेबल अजून त्या गळक्या खिडकीखालीच आहे का?

इकडची बातमी अशी, की आपलं भजन गावभर गाजलं. माझे मेहुणे गुलाबराव यांनी तेलघाणीचं नवं यंत्र बसवलं, त्या दिवशी सकाळपासून कर्ण्यावर आपलाच टेप लावला. बाजारातली माणसं मला थांबवून सांगतात, "मास्तर, रेडिओवानी आलं!" ज्यांचे कान जन्मभर सरकीच्या भावासाठीच उघडले, ती ही माणसं. मी मान हलवून आभार मानतो. त्यांच्यापेक्षा मी काही वेगळा नाही, हे तुला पुढे कळेलच.

तो टेप तू ऐकलाच नाहीस, म्हणून सांगतो. त्यात गुलाबरावांची पेटी आहे. पेटीच आहे. तिच्या भात्याचा श्वास ऐकू येतो, त्यांच्या अंगठीचा पट्टीवर होणारा टकटक आवाज ऐकू येतो. त्यामागे कुठेतरी मी गातो आहे, तोंडात सुपारी धरल्यासारखा. आणि तबला? शेजारच्या घरी कोणी उखळात काही कुटत असावं, तसा. तिसऱ्या कडव्यात तू समेवर आहेस आणि मी अर्धी मात्रा मागे. गुलाबराव मात्र मांडी थोपटत म्हणतात, "पेटी कशी सपष्ट आली पाहा, भाऊजी! मशीन आपली हाये, तिले मालक समजते." त्यांनी मुंबईहून मशीन आणली, तशी अक्कलही पेटीत भरून मिळेल असं त्यांना वाटलं होतं.

तुला माहीत असलेलंच आता पुन्हा लिहितो, कारण मला ते खरं लिहायची सवय नाही. एप्रिलमध्ये आपण ध्वनिमुद्रण केलं, त्या रात्री मी डायरीत लिहिलं होतं: "तबल्याचा घुमारा फार, म्हणून तबलजींना ओट्यावर बसवावे लागले. आवाजाचा तोल साधला." पुढे मी पूर्णविरामही नीट दिला आहे.

एकच माईक होता. मागाहून कोणाला वर आणता येत नाही, कोणाला खाली नेता येत नाही. कोण किती लांब बसला, एवढ्यावर सगळं ठरतं. मी सकाळी दोरी घेऊन बैठकीत फरशीवर खडूने खुणा केल्या. गाणारा दोन हातांवर, पेटी पाच हातांवर, तबला सात हातांवर. सात हात मोजले तर खूण बरोबर देवघराच्या उंबऱ्यापाशी पडली. तू डग्ग्याखाली चुंबळ सरकवत तिथे बसलास आणि म्हणालास, "एवढ्या दूर? माईकले मी काय चावतो काय बे?" आपण हसलो. अमरावतीच्या वसतिगृहात एका ताटात जेवताना हसायचो, तसं.

मग आपण दोन मिनिटांची चाचणी घेतली.

त्यानंतर मी तुला ओट्यावर पाठवलं. मधलं दार लोटलं, त्यावर गोधडी टांगली. तुझा ताल ऐकू यावा म्हणून मी दाराकडे सरकलो, आणि गुलाबरावांनी पेटी माईकपाशी ओढली. एप्रिल महिना, दुपारचे तीन, खामगावचं ऊन, वर टिनाचं छप्पर. तुला मी दिसत नव्हतो, मला तू दिसत नव्हतास. एका भिंतीपलीकडून आपण दोघं एकाच भजनाला ताल धरत होतो आणि मी त्याला ध्वनिमुद्रणाचं शास्त्र म्हणत होतो. चहा आला तेव्हा आम्हाला कपबशा आल्या, तुला काचेचा ग्लास. तू तो पिऊन नळावर विसळलास आणि ओट्याच्या कडेला पालथा ठेवलास. मी ते उठून खिडकीतून पाहिलं. डायरीत ते नाही.

तू तबला गुंडाळून पाचच्या बसने गेलास, टेप ऐकायला थांबला नाहीस. गुलाबराव म्हणाले, "काऊन रुसले तुमचे तबलजी? कलावंत लोकं, लय नाजूक!" मी म्हणालो, "त्यांना बस गाठायची होती." तुझ्याबद्दल 'त्यांना'.

सात महिने मी एका आधारावर जगलो. आधार असा, की देवघरातून जे आलं, ते तू ऐकलं नसशील.

गेल्या रविवारी गुलाबराव दुसरं काही भरण्यासाठी आपल्या टेपच्या स्पूलची मागची बाजू पुसायला निघाले. मी म्हटलं, आधी एकदा बघू द्या. ते तेलघाणीवर गेले आणि मी एकटाच ऐकत बसलो. भजन संपल्यावर स्पूल उलटं लावलं, तर दुसऱ्या बाजूला ती दोन मिनिटांची चाचणी तशीच होती. किसन, ती स्वच्छ आहे. पेटी खाली, माझा आवाज पुढे, आणि तुझा प्रत्येक बोल पाण्यातल्या खड्यासारखा वेगळा. कोणी कोणाला झाकत नाही. माझी सात हातांची खूण बरोबर होती. तबला तिथून हलवायची काही गरज नव्हती.

चाचणीच्या शेवटी मशीन बंद करायचं राहिलं होतं. देवघरातून आईचा आवाज येतो: "अर्जुना, त्याले उंबऱ्यापाशी काऊन बसवलं? देव हाये तिथं. बाहीर बसव." तू कुठल्या वस्तीतला, हे तिने पहिल्याच भेटीत विचारून घेतलं होतं. सात हातांवरच्या माईकमध्ये तिचा शब्द न् शब्द आला आहे. तू तिच्यापासून एका हातावर होतास.

त्यानंतर चार सेकंद काहीच नाही. घड्याळ लावून मोजले. त्यात डग्ग्यावर तुझं बोट एकदा पडतं, हलकंच, आणि थांबतं. तू वाट पाहत होतास. आईच्या बोलण्याची नाही, ते तर झालं होतं. माझ्या बोलण्याची.

मग माझा आवाज येतो, मास्तरांचा, गोड: "किसनराव, घुमारा फार येतो आहे. आपण जरा बाहेर बसता का?"

वीस वर्षांत मी तुला पहिल्यांदा 'आपण' म्हणालो. आईला मी जुनाट म्हणत आलो, गुलाबरावांना गावंढळ. पण आई जे वाटतं ते बोलली, आणि गुलाबरावांना ऐकूच आलं नाही, ते आपल्याच पेटीत गुंग होते. खोलीत लबाड माणूस एकच होता, आणि तो बी.ए. होता.

ते स्पूल मी पुसू दिलेलं नाही. गुलाबरावांना सांगितलं, भजन बिघडलं आहे, पुन्हा करायचं. ते म्हणाले, "बाजार वाहवा करून राह्यला अन् तुम्हाले बिघडलेलं वाटते?" मी म्हटलं, हो. एवढंच म्हटलं. कारण सांगितलं नाही. माझं धाडस अजून एवढंच आहे.

पुढच्या रविवारी येशील का? खडूच्या खुणा पुसल्या गेल्या आहेत, पण दोरी जपून ठेवली आहे. तू उंबऱ्यापाशीच बसायचं, कपबशीतून चहा घ्यायचा. येऊ नये असं वाटलं तर येऊ नकोस. मी पुन्हा सात महिने गप्प बसण्यापेक्षा तुझं 'नाही' बरं.

मात्र घरात सांगण्याआधी तुला बोलावणं ही जुनीच लबाडी होईल. म्हणून हे पत्र आज टपालपेटीत टाकत नाही. ते तुझ्या हाती पडलं, तर पुढचं काम झालं असं समज. पडलं नाही, तर तू माझ्याबद्दल जे समजत आला आहेस, तेच बरोबर.

तुझा,
अर्जुन

(डायरी, १३ नोव्हेंबर) उद्या: सकाळी, पूजेआधी, आईला सांगणे.