भरतीचं पाणी

देवस्थळी सर,

'आदरणीय' लिहिलं होतं, खोडलं.

तुमचा ईमेल मिळाला. तुमच्या तंत्रविद्यापीठात खाडीच्या प्रदूषणावर पीएचडीची एक जागा रिकामी आहे म्हणे. आणि शेवटी हळूच लिहिलंय, 'जर्नलने ओहोटीचे नमुने मागितले आहेत, घरी होडी असल्यास कळवावे.' वा! पीएचडीच्या पात्रतेत होडी कधीपासून आली?

मागच्या वर्षी मुलाखतीत मी हेच सांगत होते. "सर, तुमच्या पेपरातलं पाणी भरतीचं हाय. भरतीला समुद्र आत येतो, नाल्याची घाण पातळ होते. खरं पाणी ओहोटीला बघा." तुम्हाला त्यातलं फक्त 'हाय' ऐकू आलं. "आधी भाषा सुधारा, मग संशोधन करा," म्हणालात. सगळं पॅनेल हसलं. मीही हसले, त्याची लाज अजून जात नाही.

ओहोटीला तुमची मोठी बोट गाळात रुतते म्हणून तुम्ही भरतीलाच जाता, हे आमच्या दिवाळे गावात कुणालाही विचारा. त्याला तुम्ही संशोधनपद्धती म्हणता.

अर्ज मी केलाय, सर. मार्गदर्शक म्हणून तुमच्या शेजारच्या केबिनमधल्या नमिता मॅडमचं नाव टाकलंय. हे पत्र मात्र पाठवणार नाही. पाठवलं तर तुम्ही त्यातलं शुद्धलेखन तेवढं तपासाल.

बाबांना तुमचा ईमेल वाचून दाखवला. जाळं शिवता शिवता ते एवढंच म्हणाले, "होरी हाय. पन त्यांच्यासाठी नाय."

तुमची विद्यार्थिनी न झालेली,
भावना दादू नाखवा