बुरुजातल्या म्हातारीला कुणी विचारलं?

सोमवार, ता. ४

चि. बारक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कालचा भाग अजून पाहिला नसशील तर हे पत्र इथंच घडी कर आणि आधी तो बघ. नंतर माझ्या नावानं बोटं मोडू नकोस.

पाहिलास? मग आता तूच सांग, त्या निळ्याला काय म्हणायचं! माझं तर कालपासून डोकं फिरलंय. इतकी वर्षं आपण ही रंगीत मुखवट्यांच्या वीरांची जपानी मालिका बघतोय, तू वसतिगृहात होतास तेव्हापासून दर भागावर एकमेकांना पत्र लिहितोय, पण एवढी मी कधी चिडले नव्हते. बुरुजात ती दिवेवाली म्हातारी अडकलेली. तिला बाहेर काढायचं तर तिच्या जागी कुणीतरी कायमचं आत राहायला हवं, नाहीतर दिवा विझणार आणि राक्षसांना रान मोकळं. इथवर ठीक. पण लाल आणि निळा त्यावरही पैज लावतात! जो आधी जिना चढेल तो आत राहणार. अरे, जगण्यासाठी शर्यत लावतात लोक, हे गाडून घ्यायला धावतायत! आणि त्यातही निळ्यानं लबाडी केली. लालच्या पायात पाय घातला, आत शिरला, दार लावून घेतलं, आणि वर मुखवटा काढून हसतो काय! मी टीव्हीला उशी फेकून मारली.

आज आमच्या दातांच्या लॅबमध्ये दिवसभर हेच चाललं होतं. कवळ्या तशाच पडलेल्या आणि सगळे निळ्यावर बोलतायत. पॉलिशवाले काका डोळे पुसत होते, वर म्हणतात प्लास्टरची भुकटी गेली. माझ्या हाताखालच्या चिमणीनं मात्र तोंडावर सांगितलं की स्पर्धेत लबाडी केली की माणूस बाद, मग तो मरायला का धावेना. मला पोरीचं पटलं. मेण तापवायला मीच शिकवलंय तिला, आता जिभेलाही धार आली आहे.

 आई भाग संपल्यावर दोनतीनदा विचारत होती की पिवळीनं त्या म्हातारीला पाठीवर घेऊन कुठं नेलं. मी म्हटलं, नेलं असेल कुठंतरी, गोष्ट काही तिची नाही.

आईचं बरं आहे. खुब्याचं हाड जुळलंय, पण जिन्याला मी तिला बंदी घातली आहे. तीन मजले उतरायचे म्हणजे खेळ नाही. मावशीचा परत निरोप आला होता, माझ्याकडं तळमजल्याची खोली रिकामी आहे, तिला इकडं पाठवा म्हणून. मी सांगून टाकलं की आमची आई आम्हाला जड झालेली नाही.

आणखी एक. साहेब गावोगाव शाखा काढतायत ते तुला माहीत आहे. नव्या शहरातली लॅब पूर्ण माझ्या हाती देतो म्हणाले. शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. उत्तर काय द्यायचं ते ठरलेलंच आहे, तेव्हा तू त्यात नाक खुपसू नकोस. एवढंच की हल्ली खिडकीशी उभी राहिले की समोरच्या भिंतीवरचे ओलीचे डाग दिसतात, आणि ते मला पाठ झालेत. कॉट, ओटा, दार, परत कॉट. डोळे बांधून फिरवलंस तरी कुठं धडकणार नाही. कधी कधी वाटतं, धडकावं एकदा.

यातलं काही फोनवर काढू नकोस. एका खोलीत मी फोन कानाला लावला की तो आईच्याही कानाला लागतो.

स्वतःला जप, आणि या बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी
ताई

—

गुरुवार, ता. ७

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आजच मिळालं. उशी फेकलीस हे वाचून हसलो, पण ताई, मी रडलो. खोलीतल्या तिघांसमोर, नाक ओढत रडलो. आता ते मला 'निळ्याची विधवा' म्हणतात.

आमच्या चाहत्यांच्या गटाचं तर विचारूच नकोस. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानामागं आम्ही जमतो, तिथं परवा हाणामारीच व्हायची बाकी होती. एक म्हणतो असा नायक पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणतो, लालचा हक्क मारला, त्यानं आता आयुष्यभर कुठल्या तोंडानं जगायचं? दुकानदार सगळ्यात शहाणा. तो म्हणाला की दोघांनी मिळून दार फोडून बघायचं कुणालाच कसं सुचलं नाही. त्याला सगळ्यांनी गप्प केलं. दोन जिवलग मित्र त्या दिवसापासून एकमेकांशी बोलत नाहीत.

मी निळ्याच्या बाजूचा. आणि तू एवढी का पेटलीस तेही मला कळलं. ताई, तो निळा तूच आहेस. बाबा गेल्यावर मला शिकायला पाठवलंस, लग्नाचं विचारायला आलेल्यांना दारातूनच चहा पाजून घालवलंस, आणि आता शुक्रवारी साहेबांसमोर तसंच गोड हसून नाही म्हणशील. दर वेळी जिना तूच आधी चढायचा आणि आम्ही खाली उभं राहून टाळ्या वाजवायच्या, असं किती दिवस?

म्हणून यंदा मी पायात पाय घातला आहे. आजच राजीनामा दिला. महिनाअखेर घरी येतो. लिफ्टा सगळीकडं बिघडतात, तिथंही दुरुस्तीचं काम मिळेल. आईजवळ मी राहीन. तू बॅग भर आणि नव्या लॅबला जा. आता आरडाओरडा करून उपयोग नाही, आतून कडी लावली आहे.

लोभ आहेच, रागावलीस तरी तो कमी करू नकोस.

तुझा
बारक्या

—

सोमवार, ता. ११

बारक्या,

आशीर्वाद आहेत, पण दात-ओठ खाऊन दिलेले आहेत.

सकाळी जिन्यात उभी राहून तुला फोनवर वाट्टेल ते बोलले. पण फोनवर मला नीट शिव्या सुचत नाहीत, म्हणून हे पत्र. गाढवा, तुला कुणी सांगितलं होतं? कायम होऊन अजून वर्ष नाही झालं! त्या नोकरीसाठी किती वणवण केलीस ते विसरलास? एकदा विचारायचं तरी होतंस. पण नाही, आपल्या दोघांत खरं काही बोलायचं म्हटलं की आधी लाल-निळे मध्ये घालायचे आणि टपालाची वाट बघत बसायची!

आता काय झालं ते ऐक. तुझं पत्र मला आज मिळालं, आणि साहेबांना मी शुक्रवारीच नाही म्हणून मोकळी झाले होते. शर्यत मी जिंकून बसले होते रे, तू रिकाम्या जिन्यावर धावलास. नवी लॅब त्यांनी चिमणीला दिली. शनिवारी तिनं सगळ्यांना चहा पाजला. मी तिची पाठ थोपटली, चार युक्तीच्या गोष्टी सांगितल्या, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले. वाईट या गोष्टीचं वाटलं की ती गोड पोरगी मला त्या क्षणी डोळ्यांसमोर नको झाली होती.

म्हणजे हिशेब काय? माझी जागा गेली, तुझी नोकरी गेली, आणि आई आहे तिथंच कॉटवर आहे. आता तू येशील, एका खोलीत तिघं बसू, आणि मीच कसा जास्त त्याग केला ते एकमेकांना न बोलता दाखवत राहू. विचारानंच माझा जीव गुदमरतोय.

जाऊन तुझ्या साहेबांचे पाय धर आणि राजीनामा परत घे. आईला यातलं काही कळू द्यायचं नाही. सकाळपासून ती माझ्याकडं टक लावून बघते आहे, मी भांड्यांचा आवाज करते आहे.

रागात लिहिलं आहे, पण जीव तुझ्यातच आहे हे धरून चाल.

ताई

—

बुधवार, ता. १३

चि. ताई व चि. बारक्या,
दोघांस आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

दोघांना एकच मजकूर लिहिला आहे, म्हणजे कुणाला कमी, कुणाला जास्त हा वाद नको. ताई, एका घरात राहून तुला टपालानं पत्र येतंय म्हणून हसू नकोस. तोंडानं बोलायला गेलं की तू भांडी घासायला उठतेस. पत्र तेवढं तुम्ही दोघं मन लावून वाचता हे मी बघितलं आहे. दूधवाल्याच्या हाती पेटीत टाकायला दिलं आहे.

जिन्यात बोललं की तिन्ही मजल्यांना ऐकू जातं. सोमवारी सगळं ऐकलं. खालच्या बाईंनीही ऐकलं, त्या चौकशीला येऊन गेल्या.

तुमच्या मालिकेवर मलाही बोलायचं आहे. तुम्ही सगळे निळा बरोबर की चूक यावर भांडताय. त्या म्हातारीला कुणी विचारलं का? इतकी वर्षं ती एकटी दिवा सांभाळत होती, तिचं काही म्हणणं असेल की नाही? पिवळी तिला पाठीवर टाकून नेते तेव्हा ती काहीतरी बोलते, पण गाणं एवढं मोठ्यानं लावलंय की कुणाचं लक्ष गेलं नाही. तो भाग परत लागला तेव्हा मी टीव्हीला कान लावून ऐकलं. ती सांगते आहे की मला चालता येतं.

मलाही येतं. ताई कामावर गेली की मी दार उघडते, कठड्याला धरून काही पायऱ्या उतरते, थोडा वेळ तिथंच बसते आणि वर येते. आधी धाप लागायची, आता लागत नाही. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू दाराला बाहेरून कडी लावली असतीस. तुला चोरून घराबाहेर पडायची पाळी आली माझ्यावर, या वयात! बाई गं, तू माझं सगळं केलंस. अंघोळ, औषधं, रात्रीची उठबस. एवढं करणाऱ्या मुलीला मला इथं कोंडल्यासारखं होतंय असं कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून गप्प बसले. तू माझ्यासाठी अडकलीस, मी तुझ्या उपकारात अडकले, आणि आता हा वेडा तिसरा अडकायला निघाला आहे.

तुमच्या त्यागाचं ओझं माझ्या खुब्याला झेपत नाही रे.

मला माझ्या बहिणीकडं जायचं आहे. तळमजला आहे, दारात उन्हाला बसता येतं, आणि तिच्याशी भांडायला मजा येते. तिनं इतक्यांदा बोलावलं, तुम्ही दोघांनी परस्पर नाही म्हणून टाकलं, मला विचारलंसुद्धा नाही. मी तिला निरोप धाडला आहे. रविवारी खालच्या फर्निचरवाल्याची माणसं मला खुर्चीसकट दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरवतील. पुढचं मी बघेन. रडारड करायची असेल तर शनिवारी उरकून घ्या.

लोभ आहे तो असू द्या, फक्त जरा लांबून.

तुमची
आई

—

शनिवार, ता. ३०

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. नोकरी परत मिळाली पण कायमपणा गेला, पुन्हा वर्षभर उमेदवारी, हे वाचलं. तरी तू तिथंच आहेस हे बरं आहे.

आई मावशीकडं गेली त्या दिवसाचं तुला फोनवर नीट सांगता आलं नाही. फर्निचरवाल्याच्या माणसांनी तिला अलगद खाली नेलं. दुसऱ्या मजल्यावर तिनं खुर्ची टेकवायला लावली, उठली आणि कठड्याला धरून चालायला लागली. मी धरायला पुढं झाले तर हातानंच मागं सारलं. मग मी मागून नुसती चालत राहिले, काखेत तिच्या उशा. खाली मावशी उभी होती. किती हळू येतेस गं, संध्याकाळ करशील, असं तिनं खालूनच आईला झापलं आणि आई खदाखदा हसली. बारक्या, किती वर्षांत मी तिला अशी हसताना पाहिलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी हाडं झिजवली आणि हसू आलं मावशीच्या टोमण्याला! घरी येऊन दोन दिवस भांडी आपटत राहिले. मग हळूहळू लक्षात आलं की बुरुजाचं दार मीच आतून धरून बसले होते, आणि आई बिचारी माझ्यासोबत आत.

या सोमवारी साहेबांकडं गेले. प्रमुखाची जागा चिमणीला दिली ती दिलीच, आता ती परत मागणं बरं दिसत नाही, आणि मी मागितलीही नाही. नव्या लॅबला आणखी एक हात लागेल का एवढंच विचारलं. तिच्या हाताखाली चालेल का म्हणाले. चालेल म्हटलं. जिला मेण तापवायला शिकवलं, ती आता माझ्या कवळ्या तपासून पास-नापास करणार. चिमणीलाच जास्त लाज वाटली, ती जागा सोडायला निघाली होती. मी तिला म्हटलं की खबरदार, आता कुणी कुणासाठी काही सोडायचं नाही.

काल आईला सांगायला गेले तर दोघी बहिणी टीव्हीला चिकटलेल्या. परत लागलेला भाग संपेपर्यंत मला बोलूच दिलं नाही. संपल्यावर आईनं सगळं ऐकून घेतलं, माझ्या गालावरून हात फिरवला आणि गरम कपडे घे म्हणाली. बस.

हे पत्र गाडीची वाट बघत फलाटावर लिहिते आहे. निघताना एक गंमत झाली. बॅग उचलली, दिवे मालवले, दार ओढलं आणि लक्षात आलं की घराला कुलूपच नाही. इतकी वर्षं आत कुणी ना कुणी असायचंच, आणि हे दोन आठवडे मी दार नुसतं ओढून खालच्या बाईंना लक्ष ठेवायला सांगत होते, त्यामुळं बाहेरून कुलूप लावायची वेळच आली नव्हती. सगळे खण उपसले. शेवटी फर्निचरवाल्याकडून एक नवं मागून आणलं आणि लावलं. सवयीनं मी क्षणभर दाराला कान देऊन थांबले. आतून लवकर ये म्हणणारं कुणी नव्हतं. मग किल्ली पर्समध्ये टाकली रे, आणि जिना उतरले.

आमच्यावरचा जीव असाच राहू दे. आणि माझ्यासाठी काही करावंसं वाटलं तर आधी मला विचार.

तुझी
ताई