अर्धी गोळी

चि. धाकट्यास ताईचा आशीर्वाद.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईला झोप लागते का?

फोन उचलत नाही म्हणून तू फुगून बसला असशील. खरं काय ते सांगते. मंगळवारी छापखान्यात मी औषधाच्या पाकिटातला कागद तपासत होते. मांडीवर फोन थरथरला. आईचं ऑपरेशन सोळा तारखेला ठरल्याचा तुझा निरोप. तो वाचून पुन्हा कागदाकडे वळले, सही केली, कागद मशीनवर गेला.

दुपारी जेवायला डबा उघडला आणि एकदम आठवलं. म्हाताऱ्या माणसांसाठी ‘अर्धी गोळी’ असं छापायला हवं होतं. ‘अर्धी’ माझ्या नजरेला पडलंच नव्हतं. धावत जाऊन मशीन थांबवलं. ‘अर्धी’ खरंच गळलं होतं. मुख्य बाई म्हणाल्या, “हात जोडते, एक तर फोन सांभाळा, नाहीतर कागद!”

आता फोन त्यांच्या खणात असतो. तुझ्या दाजींची सुतारकामाची पट्टी ओळीखाली धरते आणि शेवटच्या शब्दापासून उलटं वाचत येते. म्हणजे डोळा पुढे पळत नाही. ते गेल्यापासून माझं मन त्या पट्टीपाशीच टिकतं.

सोळाला बाईंच्या नंबरवर फोन कर, पत्राच्या मागे लिहिलाय. पण आई बाहेर आल्यावरच. “अजून आतच आहे” सांगायला करू नकोस. तेव्हा माझ्यासमोर लहान मुलांच्या तापाच्या औषधाचा कागद असेल. तो कुणाची तरी आई वाचणार आहे.

आपल्या आईजवळ तू बस.

तुझी,
ताई