पसंतीचा रकाना

२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, आवाज असा का येतोय, तेव्हा मी सर्दी म्हणाले. सर्दी वगैरे काही नव्हती. दोन खोल्यांत चार माणसं. इथे फोनवर मनातलं बोलायचं म्हणजे जाहीर सभाच. म्हणून पत्राला बसले.

बिट्टीच्या शाळेतल्या मार्गदर्शक बाईंनी बोलावून घेतलं होतं. इथे सतराव्या वर्षीच मुलांच्या दोन वाटा करतात. एक विद्यापीठाकडे जाते, दुसरी तीन वर्षं कुठेतरी हाताखाली राहून काम शिकण्याची. बिट्टी गणितात वर्गात दुसरी आहे, पण इथल्या भाषेच्या लेखी पेपरात मार खाते, म्हणून त्यांनी तिचं नाव दुसऱ्या यादीत घातलं आहे. आम्ही आलो तेव्हा धाकटा बारा वर्षांचा होता. त्याने भाषा गिळूनच टाकली, आता माझे उच्चार सुधारत असतो. बिट्टी पंधराची होती. या तीन वर्षांच्या फरकाने तिचं केवढं नुकसान केलं, ते त्या बाईंच्या टेबलासमोर बसून कळलं. आणि तिला त्या वयात उचलून आणणारी मीच.

आता एकच दार उघडं आहे. सहा मार्चला सरकारी भाषा परीक्षा आहे. त्यात पास झाली तर विद्यापीठाच्या वर्गात घेतील. रोज शाळेतून आली की तिला पुस्तक घेऊन बसवते. ती बसते, बोलत मात्र नाही.

दादा, तू कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीमागे अठ्ठावीस वर्षं काढलीस. हे दार बंद झालं तर तिच्यासाठी विज्ञान शाखेत एक जागा धरता येईल का? तुझ्या आणि वहिनीच्या घरी राहील, पुढे डॉक्टरकीच्या प्रवेशाला बसेल. सोबत अर्ज भरून पाठवते, तिच्या सहीसकट. यांच्याशी अजून बोलले नाही. हे दिवसभर लोकांच्या बंद पडलेल्या लिफ्ट चालू करून दमून येतात. घरात आणखी एक बिघाड कशाला सांगू?

मी अजून इस्पितळाच्या तळघरातच आहे. शस्त्रक्रियेची हत्यारं धुते, मोजते, ट्रेमध्ये लावते. सोळा वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई मी! नर्स म्हणून नोंदणीचे कागद कचेरीत अडकलेत, ते तेच रडगाणं.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ आहे तसाच राहू दे, उपदेश थोडा कमी कर.

तुझी,
बेबी


१४ फेब्रुवारी

चि. सौ. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

अर्ज मिळाला. चौकशी केली. जागा मिळेल. यादी तीस एप्रिलला बंद होते. तोवर शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणि विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेलं संमतिपत्र हवं. अर्ज सध्या माझ्या कपाटात ठेवला आहे, पुढे सरकवलेला नाही.

आता उपदेश, कारण तो कमी करणं माझ्या हातात नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात बाई काय म्हणाल्या ते आहे, तुला काय वाटलं ते आहे. बिट्टीला काय हवंय, याबद्दल एक ओळसुद्धा नाही. एवढ्याशा जागेत तुम्ही चौघं राहता, तर तिला एकदा विचारायला किती चालत जावं लागतं?

तुझी वहिनी म्हणते, पोर आली तर तिला आनंदच आहे. तीसुद्धा पोरीला विचारा असंच म्हणते. कधी नव्हे ते आमचं एकमत झालंय, याची नोंद घे.

तुझा,
दादा


९ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मामा, हे पत्र आईला दाखवू नकोस. फोनवरही काही बोलू नकोस.

मी परीक्षेला बसले नाही.

म्हणजे गेले होते. रांगेत उभी होते, प्रवेशपत्र हातात होतं. माझ्या पुढे सहा जण राहिले तेव्हा मी रांगेतून बाहेर पडले. समोर पैसे टाकून कपडे धुवायचं दुकान आहे, तिथे बाकावर बसले. तीन तास दुसऱ्यांचे कपडे गोल फिरताना बघितले. मग घरी आले आणि आईला सांगितलं, पेपर बरा गेला. आईने माझे दोन्ही हात धरले. तेव्हा सांगायला हवं होतं, पण तोंडच उघडलं नाही.

घाबरले होते, हे खरं आहे. पण नुसती घाबरले असते तर आत गेले असते. इथे दोन वर्षं मी रोज घाबरूनच शाळेत जाते. खरं म्हणजे, पास झाले तर काय, याची जास्त धास्ती होती. जानेवारीत शाळेने आम्हाला आठवडाभर कुठेतरी काम बघायला पाठवलं होतं. मला कवळ्या बनवायच्या कार्यशाळेत टाकलं. तिथल्या मुख्य कारागीर बाईंनी मला मेणात दात बसवायला दिले. मी सगळे एका रेषेत बसवले. त्या म्हणाल्या, इतके सरळ दात कोणाचे नसतात, बघणाऱ्याला लगेच कळेल. एक जरासा कलता ठेव. मी ठेवला, आणि मामा, त्या मेणाच्या तुकड्याला एकदम चेहरा आला. शुक्रवारी त्या बाईंनी विचारलं, तीन वर्षं शिकायला येतेस का? जागा त्यांनी माझ्यासाठी ठेवली आहे, एक मेपर्यंत. पुढे जादा एक वर्ष केलं तर तंत्रशिक्षणाच्या विद्यापीठातही जाता येतं, मी विचारून घेतलंय.

घरी हे कसं सांगू? मी डॉक्टर होणार, असं आईने तळघरातल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलंय.

आणखी एक. कात्री शोधताना आईच्या खणात मला तीन प्रवेशपत्रं मिळाली. त्याच भाषा परीक्षेची, जी नर्सच्या नोंदणीलाही लागते, तिच्या नावाची, तीन वेगवेगळ्या तारखांची. आत जाताना खालची चिठ्ठी फाडून घेतात. तिन्हीच्या चिठ्ठ्या तशाच आहेत. तिच्या नोंदणीचे कागद कचेरीत अडकलेले नाहीत, मामा. ती एकदाही आत गेलेली नाही. हे मला कळलंय हे तिला कधी कळू देऊ नकोस.

मामीला नमस्कार. माझ्यावर रागावलास तरी उत्तर पाठव.

तुझी,
बिट्टी


१९ मार्च

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

रागावलो होतो. पत्र आलं त्या दिवशी जेवताना मामीशी उगाच भांडलो. आता रागावलेला नाही, पण काळजीत आहे.

कवळीच्या कामाबद्दल वाचून मात्र बरं वाटलं. माझी कवळी तोंडात कमी आणि पेल्यात जास्त असते, आणि ज्याने केली त्याने दात फूटपट्टी लावून बसवले असावेत. तेव्हा तुझ्या बाईंचं म्हणणं मला पटतं. हे काम हलकं आहे असं तुला कोणी सांगितलं तर त्याला चार दिवस दातांशिवाय जेवायला सांग.

पण खोटं बोललीस ते चुकलं. निकाल येणार, त्यावर गैरहजर असं छापलेलं असणार. ते कागदावरून तुझ्या आईला कळलं तर तिला लागेल ते वेगळंच. तिला तुझ्या तोंडून कळायला हवं. मी महिनाअखेरपर्यंत गप्प राहतो. त्यानंतर मी स्वतः तिला लिहीन. बहिणीपासून एवढी मोठी गोष्ट लपवण्याची मला सवय नाही.

खणातल्या कागदांचं माझ्यापाशी राहील. ते सांगायचं की नाही, हे तिचं तिने ठरवायचं. तूही ते भांडणात वापरू नकोस. एवढं एक ऐक.

तुझा,
मामा


२ एप्रिल

दादास,
नमस्कार.

निकाल काल आला. अनुत्तीर्ण असता तर मी रडले असते आणि विषय संपवला असता. गैरहजर! माझी मुलगी माझ्यासमोर पेपर बरा गेला म्हणाली आणि मी तळघरात पेढे वाटावेत तसं सगळ्यांना सांगत सुटले.

आणि तुला माहीत होतं. तिने स्वतःच कबूल केलं, कवळ्यांच्या कार्यशाळेचंही आणि मामाला लिहिल्याचंही. दोन आठवडे तुझ्याकडे ते पत्र होतं. तू मला वहिनीच्या गुडघ्याबद्दल लिहीत होतास!

मी तिला काय काय बोलले ते लिहिणार नाही. भित्री म्हणाले. एवढ्यासाठी आम्ही सगळं सोडून इथे आलो का, असं विचारलं. दुसऱ्यांच्या उष्ट्या तोंडातले दात घासायचे होते तर तिथेच राहायचं होतंस, असंही म्हणाले. ती भिंतीला टेकून उभी होती. एकदा तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि परत मिटलं. काहीतरी ओठांवर आलं होतं ते तिने गिळलं, आणि ते बघून माझा राग आणखीच वाढला. हे मधे पडले, त्यांनाही गप्प बसवलं. धाकटा कालपासून माझ्याशी आपल्या भाषेत बोललेला नाही.

मी ठरवलंय. ती परत येईल. दाखला शाळेतून काढून कुरिअरने पाठवते आहे. तू अर्ज पुढे सरकव. संमतिपत्र मी लिहून पाठवते. यात आता चर्चा नको.

बेबी


११ एप्रिल

चि. सौ. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी शिवी माथ्यावर. पत्र लपवलं, चुकलो. तिला मुदत दिली होती, ती तिच्याने पाळवली नाही आणि मी वाट बघत बसलो. पुन्हा असं होणार नाही.

पण अर्ज मी पुढे सरकवणार नाही. कारण ऐक.

माझ्या खिडकीसमोर दरवर्षी शेकडो मुलं अर्ज घेऊन उभी राहतात. अर्जात पसंतीचा एक रकाना असतो. नाव, पत्ता, गुण मुलाच्या अक्षरात असतात आणि पसंतीच्या रकान्यात अक्षर बदलतं. बापाचं असतं, काकाचं असतं. मी काही बोलत नाही, शिक्का मारतो. वर्षभराने त्यातली कितीतरी मुलं दाखला परत मागायला त्याच खिडकीशी येतात. तेव्हा बरोबर कोणी नसतं.

तुझ्या अर्जात तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकच अक्षर आहे. खालची सहीसुद्धा. लहानपणी तुझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तूच करायचीस आणि मी मुकाट्याने बघायचो. तुझी वेलांटी मला कळणार नाही असं वाटलं का? फेब्रुवारीतच ओळखली होती. तेव्हाच विचारायला हवं होतं. ही माझी दुसरी चूक.

बिट्टीने आपल्या हाताने चार ओळी लिहून पाठवल्या, की मामा, मला यायचंय, तर मी स्वतः तिला घ्यायला विमानतळावर जाईन. तिच्या अक्षराशिवाय नाही. तीस तारखेला यादी बंद होईल, होऊ दे.

आणखी एक. तू तिला भित्री म्हणालीस आणि ती गप्प राहिली, असं लिहिलंस. ती गप्प का राहिली, यावर जरा विचार कर. मी यापेक्षा जास्त लिहिणार नाही.

रागावलीस तर रागाव, पण उत्तर देणं थांबवू नकोस.

तुझा,
दादा


२८ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कामावरच्या डब्याच्या सुट्टीत वाचलं. शेवटच्या ओळींपाशी डबा तसाच मिटला. घरी येऊन खण उघडला. प्रवेशपत्रं होती तिथेच होती, फक्त क्रम बदललेला होता. वरचं खाली गेलं होतं.

म्हणजे तिच्याकडे उत्तर होतं, दादा. मी तिला भित्री म्हणत होते तेव्हा तिला नुसतं खणाकडे बोट दाखवायचं होतं. तिने ते केलं नाही.

त्या दिवशी जेवताना तिन्ही कागद मी टेबलावर ठेवले आणि सांगून टाकलं. तीनदा नाव घातलं, तीनदा रांगेपर्यंत गेले. दोनदा तिथूनच फिरले. एकदा वर्गाच्या दारापर्यंत पोचले, आत पाच-पन्नास पोरासोरांना बाकांवर बसलेलं बघितलं आणि जिन्याने खाली आले. सोळा वर्षं डॉक्टर मला विचारून औषधाची मात्रा ठरवत होते. इथे निबंधात नापास झाले तर मी कोण उरेन, ते कळत नव्हतं. तळघरात निदान मला कोणी काही विचारत नाही.

ह्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, त्या तिन्ही दिवशी तू इस्त्रीचे कपडे घालून निघाली होतीस, तळघरात इस्त्री कोण बघतं? म्हणजे यांनाही ठाऊक होतं. घरात मीच एकटी मला फसवत होते. बिट्टी उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मग मी तिला विचारलं, तुला काय हवंय. विचारायला किती चालत जावं लागतं, असं तू लिहिलं होतंस ना? खूप लांब होतं, दादा.

तिला ती कार्यशाळा हवी आहे. मी म्हणाले, मला आवडलेलं नाही. ती म्हणाली, माहीत आहे. एवढंच आमचं बोलणं.

काल तिघं मिळून तिथे गेलो. लांबट खोली, खिडकीशी चार टेबलं, प्लास्टरची पांढरी धूळ, फळीवर नावाच्या चिठ्ठ्या लावलेले जबडे. नावं ठेवायला मला काही सापडेना, जागा इस्पितळासारखीच स्वच्छ होती. मुख्य बाईंनी कराराचा कागद पुढे ठेवला. अठरा पुरी नाहीत म्हणून आमच्याही सह्या लागत होत्या. बिट्टी एकेक कलम मोठ्याने वाचून आम्हाला अर्थ सांगत होती. अडखळत होती, पण थांबत नव्हती. एका कलमात एक शब्द आला तो मला कळला नाही. नेहमीसारखी मान डोलावणार होते, तेवढ्यात तोंडातून निघून गेलं की हा शब्द मला येत नाही. त्या बाईंसमोर. बिट्टीने सांगितलं, पहिल्या तीन महिन्यांत दोघांपैकी कोणालाही, कारण न देता, हे नातं मोडता येतं.

मी विचारलं, हे कलम आईला लागू आहे का?

तिने कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला आणि सांगितलं, तसं कुठे लिहिलेलं नाही.

मग मी सही केली. माझी.

माझी परीक्षा सप्टेंबरात आहे, नाव घातलंय. बसेनच असं आज लिहून देत नाही. कपाटातला अर्ज फाडून टाक, जागा ज्याला हवी त्याला मिळू दे.

वहिनीच्या गुडघ्याचं खरंच कसं आहे ते कळव. तुझ्यावर अजून थोडा राग शिल्लक आहे, त्यासकट लोभ आहे. तुझाही तसाच राहू दे.

तुझी,
बेबी