आई रस्त्यात बसली

४ मार्च १९७८

जिंकलो! कोळशाच्या खाणीतला संप मिटला. आता यंत्रांवर गोऱ्यांबरोबर आमची नवाहो आदिवासी माणसंही बसणार. मला बुलडोझर मिळाला. आमचा युनियनचा पुढारी लेरॉय आईला म्हणाला, "मावशी, तुमच्या मटणाच्या रश्श्यावर संप निभावला!" आई म्हणाली, "मग मेंढ्यांनाही युनियनमध्ये घ्या. निम्म्या तर तुम्हीच खाल्ल्यात."

१९ मे

खाण वाढणार. आमचं कुरण जाणार. मेंढवाडासुद्धा — तिथं माझी आणि बहिणीची, डेल्फिनची, नाळ पुरलीय. आई कंपनीच्या कागदावर अंगठा देत नाही.

तिला फोन करून सांगितलं. डेल्फिन दूर फिनिक्स शहरात हॉटेलात चादरी बदलते, तिची पोरं इथं आईजवळ. तिनं एवढंच विचारलं — "पोरं जेवली का?"

२ जून

लेरॉयला म्हटलं, युनियननं आईची बाजू घ्यावी. तो म्हणाला, "पगार, सुरक्षा, काम. आपल्या हातात एवढंच आहे, भाऊ. जमीन नाही. आणि खाण थांबली तर आपल्याच चुली विझतील."

खोटं बोलत नाही तो. त्याच्या आईलाही गेल्या साली खाणीसाठी जमिनीवरून उठवलं.

११ जून

आज आई खुर्ची टाकून खाणीच्या रस्त्यात बसली! हातात संपातली पाटी. गाड्या थांबल्या.

"मावशी, हा संप नाही," लेरॉय म्हणाला.

"मग काय सहलीला आलेय?"

कुणीतरी हसलं. मग एक गाडी तिला वळसा घालून गेली. मग दुसरी. मग सगळ्याच. सगळी आमचीच माणसं. आई एकेकाला कुळाच्या नात्यानं हाक मारत होती — भाच्या, नातवा, दादा! कुणी तिच्याकडे बघेना.

मी यंत्र बंद केलं. उतरलो. तिच्याजवळ मातीत बसलो.

१२ जून

कामावरून काढलं.

२० जून

युनियन माझ्यासाठी भांडणार नाही. जमिनीसाठी काम थांबवलं, ते करारात बसत नाही म्हणे. सांगताना लेरॉयच्या डोळ्यांत पाणी. त्याचा रागही येईना — तेच जास्त लागतं.

९ जुलै

डेल्फिन कायमची घरी आली. बुलडोझरवर माझ्या जागी तिलाच घेतलंय. पोरं तिला सोडेनात. आईच्या अंगठ्याशिवायच कुरण खाणीत गेलं.

सकाळी ती निघाली, तेव्हा आईनं रोटी बांधून दिली. म्हणाली, "मेंढवाडा तूच पाड, बाई. परक्याचा हात नको."