डबा रिकामा जाऊ नये म्हणून

वरची वाडी, पोलादपूर
श्रावण सरता सरता

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या महिपतीचा तुमच्या भांडुपपेक्षा पुष्कळ उंचावरून, तरीही वाकून नमस्कार. वहिनींचे गुडघे बरे असावेत, तुमची साखर उतरली असावी. इकडे सगळे खुशाल, फक्त माझी कंबर सोडून. तिची हकीकत पुढे येईल. प्रयागआत्या ठणठणीत आहे आणि रोज तुमची आठवण काढते (कोणत्या शब्दांत, ते लिहीत नाही). फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर मी वरच्या रानाचं नाव काढलं की तुम्ही "मीटिंगमध्ये हाय" म्हणून ठेवून देता, आणि रिटायर माणसाच्या इतक्या मीटिंगा कुठे भरतात हे धाकट्याने विचारायचं नसतं. तुमच्या वाटणीच्या त्या रानासाठी लाकडाचा ठेकेदार तुमच्या घरी येऊन गेला, कागद ठेवून गेला आणि आता तुमची सही तेवढी राहिली आहे, हे इथे सगळ्यांना कळलंय. झाडं तुमची, त्यांच्या पायथ्याचा झरा माझ्या वाटणीचा, आणि पाणी अख्ख्या वाडीचं. पण त्याविषयी या पत्रात मी एक अक्षर लिहिणार नाही. हे पत्र निव्वळ करमणुकीसाठी आहे.

तर पावसाच्या तोंडावर पुण्याहून ऋतिका नावाची मुलगी आली आणि आत्याच्या पडवीतल्या खोलीत राहिली. तिला आपल्या रानातल्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा आहे. आभाळातून पडलं किती, पानांनी वरच्या वर अडवलं किती, झाडं प्यायली किती, ओढ्याने नेलं किती आणि जमिनीत मुरलं किती. हा हिशेब जुळला तर ती डॉक्टर होणार (सुई टोचणारी नव्हे, पुस्तकातली). परवानगी मी तुमच्या वतीने देऊन टाकली. तुम्ही मीटिंगमध्ये होता. तिने मोकळ्या माळावर पाऊस मोजायचं भांडं ठेवलं, झाडांखाली नसराळी लावलेले डबे मांडले आणि खोडांना रबरी पन्हळी गुंडाळल्या. झाडांना मुकामार लागलाय अशी वाडीत बातमी झाली. ओढ्यातून जाणारं पाणी मोजायला वर त्रिकोणी खाच असलेला पत्रा लागतो. तो बिरवाडीहून कापून आणला आणि बसवला मी. यातलं मला सगळं कळतं असं आधी सांगून बसलो होतो, त्यामुळे विचारणं बरं दिसेना आणि पत्रा उलटा बसला. पाणी पूर्वीसारखंच वाहत होतं, मोजता येत नव्हतं इतकंच. मग तिने तो माझ्याकडूनच सुलटा करून घेतला.

आषाढ छान गेला. मग श्रावणात पावसाने दडी मारली आणि घोळ सुरू झाला. माळावरचं भांडं कोरडं ठणठणीत, आणि झाडांखालचे डबे काठोकाठ! आभाळातून काही पडत नव्हतं, झाडांतून मात्र धो धो पडत होतं. ऋतिकाने आधी नसराळ्यांवर संशय घेतला, मग माकडांवर, आणि शेवटी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी ताबडतोब खुलासा केला, "बाय, मी त्या अंगाला परसाकडं बसत नाय." तिची झोप उडाली. पुण्याचे सर म्हणाले, हिशेब जुळत नसेल तर ही जागा सोडून दे. पोरीचा चेहरा इतका उतरला की मलाच भडभडून आलं.

म्हणून मी पाळत ठेवायचं ठरवलं आणि भल्या सकाळी जांभळीवर चढून बसलो. त्या फांदीवर लाल मुंग्यांचं जुनं बिऱ्हाड होतं. मी हूं की चूं केलं नाही (पहिल्या चाव्यापर्यंत). नंतर जे केलं ते समोरच्या डोंगरापर्यंत ऐकू गेलं, आणि मी पन्हळीसकट खाली आलो. पडल्या पडल्या समोर पाहतो तर प्रयागआत्या, काखेत कळशी, एकेका डब्यात पाणी ओतत चाललेली!

"आत्ये, काय करतेस काय?"

"दिसत नाय रे तुला? परगावची पोर. रोज येऊन बिचारी डब्यात डोकावते. आपल्या रानातून तिचा डबा रिकामा न्यायचा काय तिनं? आपल्या घरातून कुणाचं भांडं रिकामं गेलंय कधी?"

शेजारणीची वाटीसुद्धा आत्या चिमूटभर साखर घातल्याशिवाय परत देत नाही. आणि पाणी कुठून आणत होती विचाराल, तर ओढ्यातूनच, पत्र्याच्या वरच्या अंगाने. म्हणजे ओढ्यात तेवढं कमी आणि झाडाखाली तेवढंच जास्त. ऋतिका हे ऐकून आधी रडली. "रडतेस कशाला गो? उद्या दोन कळश्या घालते," असं आत्याने म्हटल्यावर पोट धरून हसली. श्रावणाचे आकडे तिने फेकून दिले आणि नव्याने मांडामांड केली.

पण त्या कोरड्या दिवसांत एक गोष्ट तिच्या नजरेत भरली. आत्या रोज कळशी कळशी उपसत होती, वर पाऊस नव्हता, तरी आपला ओढा वाहत होता. खिंडीपलीकडचं रान तोडलंय, तिथला ओढा पावसात पिसाळतो आणि उघडीप पडली की दगड दाखवतो. तिकडच्या बायका आपल्या झऱ्यावर येऊ लागल्यात, दादा. मला भीती वाटते. (हे चुकून लिहिलं गेलं. खोडत नाही, पान घाण होतं.)

मी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर कंबर शेकून आलो, उतार आहे. वहिनींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (अधूनमधून),
महिपती

ता. क. पत्र आणि आत्याचा फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या खालच्या आळीतला राजेश आणून देईल. तांब्यात झऱ्याचं पाणी आहे. फिल्टरमध्ये घालू नका, तसंच प्या.

ता. क. तांब्या गणपतीला येताना परत आणा. आपल्या घरात भांडं रिकामं फिरत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. सही न केलेला कागद घडी घालून त्याच्या तोंडातून आरामात आत जातो. मी तेवढाच कागद घालून बघितलाय.